स्वस्त मजुरीचा महाग हिशेब

भिवंडीत विणलेल्या कापडावर भिवंडीचे नाव क्वचितच आढळते. येथून कोरे कापड ताक्यांच्या रूपाने बाहेर पडते, रंगाई-छपाई बहुधा दुसरीकडे होते आणि ग्राहकाच्या हाती ते जाते तेव्हा त्यावर तिसऱ्याच कोणाचा तरी छाप असतो. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, तेव्हा गिरण्यांनी आपली मागणी भिवंडीच्या यंत्रमागांकडे वळविली आणि तेथील कापडावर आपली नाममुद्रा उमटवून ते विकले. यंत्रमाग वाढले, नाव मात्र वाढले नाही. सूत दुसऱ्याचे, कापड दुसऱ्याचे, माग तेवढा आपला, अशी ही जॉबवर्कची पद्धत आहे. इचलकरंजीत अशा यंत्रमागधारकास ‘खर्चीवाला’ म्हणतात. त्याची मजुरी पिकामागे पैशांत मोजली जाते, आणि त्या पैशांवर रुपया कसा उभा करावयाचा हे त्याने आयुष्यभर शिकलेले असते.

या यंत्रमागधारकांची पुढची पिढी आता निराळा विचार करू लागली आहे. स्वतःच्या नावाने कापड विकावे, टॉवेल, चादर, ड्रेस मटेरियल थेट दुकानदारापर्यंत किंवा ग्राहकापर्यंत पोहोचवावे, ही आकांक्षा अवाजवी नाही. मानकोली, राहनाळ, दापोडेच्या परिसरात देशभरच्या मालाची गोदामे उभी आहेत. तेथून दुसऱ्यांचा माल घरोघर जात असलेला हा तरुण रोज पाहतो. परंतु स्वतःच्या नावाने माल विकावयाचा तर नक्षीकार हवा, छायाचित्रकार हवा, मालाचे वर्णन लिहिणारा हवा, वेबसाइट उभारणारा हवा आणि जीएसटीची विवरणे भरणाराही हवा. यांपैकी कोणालाही महिन्याच्या पगारावर ठेवणे चोवीस मागांच्या मालकास परवडणारे नाही. साहजिकच तो इंटरनेटवरील बाजाराकडे वळतो आणि तेथे फ्रीलान्सर, म्हणजे कोणाच्याही नोकरीत नसलेला व कामागणिक मोबदला घेणारा स्वतंत्र व्यावसायिक, शोधू लागतो. म्हणजेच पिढ्यान्‌पिढ्या जॉबवर्क घेणारे घर प्रथमच जॉबवर्क देणारे होते. ही भूमिका ते कशी पार पाडणार, हा प्रश्न वाटतो तेवढा किरकोळ नाही.

हा बाजार तसा फार जुना नाही. ‘इलान्स’ ही अमेरिकी कंपनी १९९९ च्या सुमारास निघाली. पुढे ती ‘ओडेस्क’मध्ये विलीन झाली आणि २०१५ मध्ये या जोड-संस्थेने ‘अपवर्क’ हे नाव धारण केले. इस्रायलमध्ये २०१० साली सुरू झालेल्या ‘फायव्हर’ने तर कोणतेही काम पाच डॉलरला, अशी घोषणाच केली होती. या संस्थांनी नेमके काय साधले? रोनाल्ड कोस या अर्थशास्त्रज्ञाने १९३७ मध्ये एक साधा प्रश्न विचारला होता: बाजार जर इतका कार्यक्षम आहे, तर कारखानदार माणसे नोकरीस का ठेवतो? प्रत्येक काम बाजारातून का करून घेत नाही? त्याचे उत्तर असे होते की, माणूस शोधणे, दर ठरविणे, करार करणे आणि त्यावर देखरेख ठेवणे यांनाही खर्च येतो व तो टाळण्यासाठीच कारखाना नावाची संस्था अस्तित्वात येते. इंटरनेटने यांतील शोधण्याचा खर्च जवळजवळ शून्यावर आणला. पारखण्याचा खर्च मात्र होता तेथेच राहिला. किंबहुना तो वाढला. आणि नेमके येथेच घोडे पेंड खाते.

काम जाहीर करताच तासाभरात पन्नास अर्ज येऊन पडतात. त्यांतील निम्म्यांनी काम काय आहे हे वाचलेलेही नसते. एकच मजकूर ते सर्वांना पाठवितात. नमुन्यादाखल दाखविलेली चित्रे त्यांनीच काढली असतील याची शाश्वती नसते, आणि अलीकडे तर ती कोणीच काढलेली नसतात. संगणकाने क्षणार्धात तयार केलेली असतात. तारांकनांवर विसंबावे तर बहुतेकांच्या नावापुढे पाचापैकी पावणेपाच तारे झळकतात, कारण वाईट शेरा देऊन भांडण ओढवून घेण्याची कोणाचीच इच्छा नसते. सर्वांनाच पहिला वर्ग मिळत असेल तर त्या परीक्षेचा उपयोग काय? जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन हीच गोष्ट मांडली होती आणि २००१ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले तेही याच प्रकारच्या विवेचनासाठी. खरेदीदारास चांगले-वाईट ओळखता येत नसेल तर तो सरासरी किंमत देऊ करतो. त्या किमतीस चांगला माल विकणे परवडत नाही, म्हणून चांगले विक्रेते बाजारातून निघून जातात आणि उरतो तो निकृष्ट माल. अंदाजपत्रक तुटपुंजे आहे म्हणून सर्वांत कमी दराचा अर्ज निवडणारा यंत्रमागधारक हा सिद्धांत स्वतःच्या खर्चाने सिद्ध करून दाखवीत असतो.

वास्तविक याचे उत्तर त्याच्या स्वतःच्या कारखान्यातच आहे. नव्या मागवाल्याकडे काम सोपविताना सूत व्यापारी काय करतो? तो सारेच्या सारे सूत त्याच्या दारात उतरवीत नाही. एक बीम देतो, उतरलेला ताका मेहताकडून तपासून घेतो, दागी किती, तुटलेले धागे किती, माप बरोबर आहे की नाही हे पाहतो आणि मगच पुढचा बीम जातो. हीच रीत येथेही चालावी. समजा, नक्षीकामासाठी वीस हजार रुपये आहेत. ते एकाच अनोळखी माणसाच्या हवाली करण्याऐवजी तिघांना एकच छोटे काम प्रत्येकी दीड हजारात द्यावे. साडेचार हजार गेले असे वाटेल. पण उरलेले साडेपंधरा हजार कोणावर खर्च करावयाचे हे त्यातून कळते. मात्र या चाचणीचे पैसे दिलेच पाहिजेत. ‘आधी नमुना दाखवा, मग बघू’ असे म्हणणाऱ्याकडे ज्यांना दुसरे काम नाही तेच येतात, आणि ज्यांना दुसरे काम नाही त्यांना ते का नाही, याचाही विचार करावा लागतो.

दुसरी गोष्ट मागणीच्या नेमकेपणाची. व्यापाऱ्याकडून काम घेताना हाच यंत्रमागधारक सुताचा काउंट, रीड, पिक, पन्हा हे सारे कागदावर लिहून घेतो. त्यात एका पिकाचा फरक पडला तरी वाद होतो. परंतु तोच गृहस्थ नक्षीकाराला मोबाइलवर कळवितो की ‘काहीतरी छान, नवीन डिझाइन पाठवा.’ याचा परिणाम काय होतो? दूरच्या शहरात बसलेला चित्रकार, ज्याने यंत्रमाग कधी डोळ्यांनी पाहिलेला नाही, तो एक मनोहर वेलबुट्टी काढून पाठवितो. ती डॉबीच्या मागावर विणताच येत नाही, कारण डॉबीला जेवढ्या चौकटी असतात तेवढ्याच प्रकारे उभे धागे उचलले जातात. तशा मुक्त वळणांसाठी जॅकार्ड लागते आणि ते त्याच्याकडे नसते. छपाईचे कापड असेल तर त्यात बारा रंग असतात आणि स्क्रीनच्या छपाईत प्रत्येक रंगाला वेगळी चौकट करावी लागते, हे चित्रकाराच्या गावीही नसते. नक्षी पाचशे रुपयांत मिळाली, पण वापरता आली नाही. म्हणजे ती पाचशेला पडली नाही, पाचशे रुपये वाया गेले. उलट दोन हजार घेणारा, पण माग कसा चालतो हे जाणणारा नक्षीकार पहिल्याच दिवशी विचारतो: डॉबी की जॅकार्ड, चौकटी किती, पन्हा किती, नक्षीची पुनरावृत्ती किती इंचांवर हवी? माणूस ओळखण्याची याहून चांगली कसोटी नाही. ज्याचा अर्ज प्रश्न विचारतो तो कामाचा. ज्याचा अर्ज केवळ आश्वासने देतो त्याच्यापासून दूर राहावे.

मालकीहक्काकडे तर सहसा कोणाचेच लक्ष नसते. पैसे दिले म्हणजे वस्तू आपली झाली, हा समज कायद्याला सर्वस्वी मान्य नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार मोबदला देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा हक्क, वेगळा करार नसल्यास, काढवून घेणाऱ्याचा असतो. परंतु नोकरीत नसलेल्या माणसाने लिहिलेला मजकूर किंवा वेबसाइटची आज्ञावली त्याचीच राहते. ती लेखी व स्वाक्षरीनिशी हस्तांतरित व्हावी लागते, आणि त्या कागदात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाचच वर्षांची धरली जाते. कापडावरील नक्षीची गोष्ट आणखी निराळी आहे. २००० च्या डिझाइन कायद्याने मोबदला देणाऱ्यास मालक मानले आहे, पण संरक्षण मिळते ते नोंदणी केली तरच, तीही नक्षी बाजारात येण्यापूर्वी. नोंदणीयोग्य नक्षी नोंदविली नाही आणि कारखान्यात तिच्या पन्नासांहून अधिक प्रती निघाल्या, तर कॉपीराइटही संपुष्टात येतो. यंत्रमागावर पन्नास पुनरावृत्तींना एक ताकाही लागत नाही! तेव्हा तीच नक्षी उद्या सुरतेच्या बाजारात दिसली तर तक्रार करण्यास जागा उरत नाही. एका पानाचा करार आणि वेळेवर केलेली नोंदणी एवढ्याचाच हा खर्च आहे.

परंतु या सर्वांहून महत्त्वाचा मुद्दा पैसे चुकते करण्याचा आहे. साठ दिवस, नव्वद दिवस उधारी म्हणजे काय, हे भिवंडीस सांगावयास नको. याच दुखण्यावर इलाज म्हणून २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याने लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांची आणि नसेल तर १५ दिवसांची मर्यादा घातली व उशिराबद्दल बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज ठरविले. १ एप्रिल २०२४ पासून प्राप्तिकराच्या नियमांनीही, अशी मुदत टळलेली रक्कम प्रत्यक्ष दिल्याशिवाय खर्च म्हणून वजा करू दिली नाही. यंत्रमागधारक या तरतुदी स्वतःच्या बाजूने वापरू इच्छितो, आणि ते योग्यच आहे. मात्र ‘उद्यम’ नोंदणी केलेला घरबसल्या काम करणारा नक्षीकारही याच कायद्याने सूक्ष्म उद्योग ठरतो. ज्याला तीन महिने थांबवून ठेवले ते देणे केवळ नैतिक नव्हे, कायदेशीरही आहे.

यात व्यवहारही आहे. मोठ्या कंपन्यांचे पैसे वेळेवर मिळत नाहीत, ही स्वतंत्र व्यावसायिकांची जुनी तक्रार आहे. त्यामुळे थोडे पैसे देणारा, पण ठरल्या दिवशी देणारा गिऱ्हाईक त्यांना मोठ्या नावापेक्षा अधिक हवासा वाटतो. दर वाढविणे लहान उद्योजकाच्या हाती नसेल. तारीख पाळणे त्याच्या हाती असते. कामाचे तीन टप्पे पाडून प्रत्येक टप्प्याचे पैसे त्याच दिवशी देणाऱ्याचा दूरध्वनी चांगला माणूस प्रथम उचलतो. ज्या गावास पिकामागे दोन पैसे कमी केल्यावर कापडाचा पोत कसा उतरतो हे ठाऊक आहे, त्या गावास याहून अधिक सांगण्याची गरज नसावी. व्यापाऱ्याने मजुरी कापली की यंत्रमागधारक कुठेतरी हात आखडतो. नक्षीकारही माणूसच आहे.

आणखी एक गोष्ट सहज नजरेआड होते. सगळेच परदेशी संकेतस्थळांवर शोधण्याचे कारण काय? ‘फायव्हर’वर विक्रेत्याच्या मोबदल्यातील वीस टक्के मध्यस्थाकडे जातात, हा भार शेवटी दरातच मिसळतो. इकडे काखेत कळसा आणि गावाला वळसा अशी स्थिती आहे. भिवंडीत मोमीन अन्सारी विणकरांबरोबर तेलंगणातून आलेली पद्मशाली कुटुंबे आहेत, मराठी, उर्दू, तेलुगू, हिंदी या चारही भाषा बाजारात नांदतात. जी. एम. मोमीन महिला महाविद्यालयासारख्या संस्थांतून पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या अनेक मुलींना कारखान्यात किंवा मुंबईच्या लोकलने नोकरीस जाणे शक्य होत नाही; घरून संगणकावर काम करणे शक्य असते. त्यांनी लहानपणापासून मागाचा खडखडाट ऐकलेला आहे. त्यांना नक्षीचे संगणकीय शिक्षण देण्यावर यंत्रमागधारकांच्या संघटनांनी थोडा खर्च केला, आणि दहा कारखानदारांनी मिळून दोघी-तिघींना वर्षभराचे काम कबूल केले, तर एकट्याला न परवडणारी गोष्ट दहांना परवडेल. मात्र घरचीच मुलगी म्हणून निम्मा दर, असा हिशेब त्यात शिरता कामा नये.

नीती आयोगाने २०२२ च्या अहवालात २०२०-२१ मध्ये देशात ७७ लाख गिग कामगार असल्याचा अंदाज दिला होता आणि २०२९-३० पर्यंत ही संख्या २ कोटी ३५ लाखांवर जाईल असे म्हटले होते. त्यांत प्रामुख्याने मोटारचालक आणि पाकिटे पोहोचविणारी मुले डोळ्यांपुढे येतात. घरात बसून नक्षी काढणारी मुलगी येत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने अशा कामगारांची प्रथमच दखल घेतली व मध्यस्थ कंपन्यांच्या उलाढालीतून एक ते दोन टक्के वर्गणीची तरतूद केली. परंतु मध्यस्थ कंपनीच नसेल, ओळखीने आणि फोनवर काम ठरले असेल, तर वर्गणी कोण देणार? मागावर बारा तास उभा राहणारा कामगार ज्या पोकळीत आजवर राहिला, त्याच पोकळीत ही नवी माणसे येऊन उभी आहेत.

यावर यंत्रमागधारक म्हणेल, आणि त्याचे म्हणणे खोटे नाही, की व्यापाऱ्याने आमचेच पैसे अडकविले आहेत. आम्ही रोखीने द्यावयाचे कोठून? त्यावर एवढेच म्हणता येईल की, त्याने मागणीच आपल्या रोकडीच्या मापाने करावी. उधारीवर दहा नक्ष्या मागविण्यापेक्षा या महिन्यात एकच मागवावी, तिचे पैसे त्याच आठवड्यात द्यावेत आणि तो ताका विकला गेल्यावर दुसरीची मागणी नोंदवावी.