काळ्या दगडावरची रेघ

एखादी गोष्ट कधीही बदलणार नाही असे सांगावयाचे झाले, म्हणजे आपण तिला ‘काळ्या दगडावरची रेघ’ म्हणतो. आणि ज्याच्या डोक्यात काही शिरत नाही त्याला ‘दगड’ म्हणून मोकळे होतो. वस्तुतः दगड स्थिरही नाही आणि मुकाही नाही. तो झिजतो, प्रवास करतो, नवे रूप घेतो. मात्र आपल्या आयुष्याच्या मापाने नव्हे. हे माप विसरल्यामुळे आपल्या हातून एक मोठी चूक होत आहे, असे आम्हांस वाटते.

आपल्या मसाटच्या परिसरात विहीर वा घराचा पाया खणताना मातीखाली मुरूम आणि मुरमाखाली काळा पाषाण लागतो. हा बेसाल्ट होय. सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून तप्त शिलारस बाहेर पडला, थरावर थर पसरले आणि थिजून त्यांचा खडक झाला. आजही सुमारे ५ लक्ष चौरस किलोमीटर प्रदेश या थरांनी व्यापलेला आहे. १६४६ मीटर उंचीचे कळसूबाईचे शिखर त्यांचेच. वेरूळचे कैलास लेणे त्यांतच कोरलेले. आणि आजीचा पाटा-वरवंटाही त्याच दगडाचा. अग्नीतून जन्मलेला म्हणून हा अग्निज खडक.

परंतु जन्मापासूनच त्याची झीज सुरू होते. ऊन व पाऊस त्याला पोखरतात, झाडांची मुळे त्याच्या भेगा रुंदावतात. खडकाचा मुरूम होतो, मुरमाची माती होते. नाशिक जिल्ह्यातील सह्याद्रीत उगम पावलेली दमणगंगा ही माती घेऊन सिल्वासाजवळून वाहते व दमणला समुद्रास मिळते. पावसाळ्यातील तिचे गढूळ पाणी म्हणजे वाहत चाललेला डोंगरच!

समुद्रतळी साचलेला गाळ वरच्या भाराने घट्ट होऊन स्तरित खडक बनतो. त्यालाच पुढे प्रचंड उष्णता व दाब सोसावा लागला, तर रूपांतरित खडक तयार होतो. ताजमहालास लागलेला मकराण्याचा संगमरवर हा एके काळी चुनखडक होता. आपल्या वाडवडिलांनी ज्यावर अक्षरे गिरवली ती दगडी पाटी मूळची चिखलाची. आणखी खोल गेलेला खडक वितळला, की पुन्हा शिलारस! हे चक्र नेहमी एकाच वाटेने फिरते असेही नाही. समुद्रतळीचा चुनखडक उचलला जाऊन आज एव्हरेस्टच्या माथ्यावर बसला आहे, आणि तेथेही तो झिजतोच आहे.

यावर कोणी म्हणेल, “मग चिंता कशाची? टेकडी फोडली, नदीची वाळू उपसली, उतारावरची झाडे तोडली, तरी निसर्ग सारे भरून काढीलच!” आमचे मत याच्या अगदी उलट आहे. निसर्ग भरून काढील हे खरे; परंतु त्याच्या सवडीने. त्याची एक फेरी कोट्यवधी वर्षांची. एक सेंटीमीटर माती तयार होण्यास शेकडो वर्षे लागतात. उघड्या उतारावरून ती वाहून जाण्यास मोजके पावसाळे पुरतात. शिवाय शेतातून गेलेली माती मधुबनसारख्या धरणात अडून पाण्याची जागा व्यापते. म्हणजे शेतही गेले आणि पाणीही गेले!

घरे, रस्ते व कारखाने खडीवाचून होणार नाहीत, हे आम्ही जाणतो. दगड काढूच नये असे आमचे म्हणणे नाही. तो गरजेपुरता काढावा, फोडलेला उतार उघडा टाकू नये, तेथे गवत व झाडे लावावीत, एवढेच आमचे सांगणे. आपल्या शेतकऱ्यांनी भाताच्या खाचरांना घातलेले बांध माती अडवून हेच शहाणपण शिकवीत आहेत.

विद्यार्थिमित्रहो, खडकांच्या तीन व्याख्या पाठ करून परीक्षा सुटेल. पण हा विषय कळणार नाही. या श्रावणात मोठ्या माणसांना सोबत घेऊन ओढ्याचे गढूळ पाणी बाटलीत भरून आणा आणि रात्रभर तसेच ठेवा. सकाळी तळाशी बसलेला थर पाहा. तो तयार होण्यास किती पिढ्या लागल्या, याचा विचार करा. गेलेली माती आपल्या हयातीत परत यावयाची नाही. आपल्यापुरती तरी ही खरोखरच काळ्या दगडावरची रेघ होय.