पदवी मालेगावात, नोकरी पुण्यात. मुलगी राहणार कुठे?

बारावीचा निकाल लागला की पालक एकच प्रश्न विचारतात, "सर, कॉम्प्युटरला घातलं तर नोकरी लागेल ना?" मी उर्दू आणि मराठी शिकवतो, कोडिंग नाही. पण आपली इतकी मुलं-मुली त्या वाटेने जाताना पाहिली आहेत की उत्तर ठाऊक झाले आहे. नोकरी लागू शकते, पण इथे नाही. आणि या "इथे नाही"पाशीच आपल्या मुली अडकल्या आहेत.

महाराष्ट्राचा नकाशा पाहा. सॉफ्टवेअरचे मोठे काम पुण्यात हिंजवडी, खराडी, मगरपट्टा या पट्ट्यात आणि मुंबई-नवी मुंबईत आहे. नागपूरला मिहानमध्ये टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल आल्या. नाशिकला ईएसडीएससारखी कंपनी आहे, पण पुण्याच्या मानाने तिथली भरती थोडी. आणि आमचे मालेगाव? इथे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, पदवीधर आहेत. पण काम म्हणजे दुकानाची वेबसाइट, शाळेचे फीचे सॉफ्टवेअर, नाहीतर यंत्रमागवाल्यांचे जीएसटीचे हिशेब. हात बसायला हे काम चांगले. त्यावर घर चालत नाही. परभणी, नांदेड, भिवंडीची गोष्ट फार वेगळी नसावी.

कोणी म्हणेल, कॉम्प्युटरला कारखान्यासारखी जागा कुठे लागते? कंपन्या इकडे का येत नाहीत? कारण कंपनी तिथे जाते जिथे ग्राहक आणि अनुभवी माणसे आधीच असतात. इन्फोसिस १९८१ मध्ये पुण्यात सुरू झाली आणि १९८३ मध्ये बंगळुरूला गेली. पुण्यासारख्या शहरालाही कंपनी सोडून जाते, तिथे मालेगावची काय कथा!

करोनाच्या काळात मात्र वाटले होते की ही अट संपली. घरी बसून काम होऊ लागले. टीसीएसने तर २०२० मध्ये जाहीर केले होते की २०२५ पर्यंत एका वेळी २५ टक्क्यांहून जास्त कर्मचाऱ्यांना कार्यालयात येण्याची गरज राहणार नाही. त्याच टीसीएसने ऑक्टोबर २०२३ पासून कर्मचाऱ्यांना आठवड्याचे पाच दिवस कार्यालयात बोलावले. दहा वर्षांच्या अनुभवी माणसाला घरून काम मिळेलही. नवशिक्याला शेजारी बसून शिकवणारा सीनियर लागतो. म्हणजे सूट ज्याला कमी गरजेची, त्यालाच आधी मिळते.

मुलगा असेल तर बॅग भरतो, रात्रीची गाडी पकडतो, चौघांत एक खोली घेतो, मेसचे खातो. पहिला पगार वर्षाला तीन-साडेतीन लाखांच्या आसपास. त्यात डिपॉझिट, भाडे, जाणे-येणे. ओढाताण होते, पण तो टिकतो. मुलगी निकालात त्याच्या पुढे असते आणि पदवीनंतर गल्लीत पाचवी-सहावीच्या शिकवण्या घेताना दिसते. काही वर्षांनी ती पदवी फक्त बायोडेटावर उरते. लग्नाच्या.

घरच्यांना मागासलेले म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण अब्बूंनी फीसाठी कर्ज काढले, म्हणजे तालीम द्यायला ते राजी होते. त्यांची अडचण साधी असते: परक्या शहरात ती राहणार कुणाकडे? फोनवर रिकामी असलेली खोली नाव सांगितल्यावर "आत्ताच गेली" होते, हे पुण्यात घर शोधलेल्या आपल्यातल्या अनेकांना सांगायला नको. आणि "मुलीला एकटीला पाठवली?" असे विचारणारे तर आपल्याच मोहल्ल्यातले असतात. दोन्ही दारे बंद.

म्हणून माझे म्हणणे असे, की समाजाचा पुढचा पैसा आणखी एका कॉलेजच्या इमारतीत न घालता पुण्यात नोकरदार मुलींच्या वसतिगृहात घालावा. सुरुवातीला भाड्याची इमारत, तीस-चाळीस खाटा, जबाबदार महिला वॉर्डन, हिंजवडीच्या बसमार्गावर जागा. पहिले सहा महिने नाममात्र भाडे. पगार स्थिरावला की मुलीने थोडे थोडे फेडावे, म्हणजे पुढच्या मुलीची सोय होईल. केंद्र सरकारची "सखी निवास" ही नोकरदार महिलांच्या वसतिगृहांची योजना आहे. आपल्या संस्थांनी तिचा पाठपुरावा करावा. दार सर्व समाजांच्या मुलींना उघडे असावे. बीड-लातूरच्या शेतकऱ्याच्या मुलीची अडचण काही निराळी नाही.

हे नवे नाही. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात एकामागून एक वसतिगृहे उभी केली. १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंगही सुरू झाले. खेड्यातला मुलगा शाळेच्या फीपेक्षा शहरातल्या राहण्या-जेवणाला अडतो, हे त्यांनी ओळखले होते. आज शाळेच्या जागी कंपनी आली आहे, एवढाच फरक.

वसतिगृहाने नोकरी मिळत नाही, हे खरे. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे १२ हजार जणांना कमी करण्याचे जाहीर केले. बाजार कठीण आहे. भरतीच्या परीक्षेतले इंग्रजी आणि गणित आपल्या मुलांना जड जाते, त्याची तयारी आम्हा शिक्षकांनी आठवीपासून करून घ्यायला हवी. पण परीक्षा पास होऊनही केवळ राहायला जागा नाही म्हणून मुलगी घरी बसत असेल, तर तो दोष बाजाराचा नाही. तो आपण मिटवू शकतो, आणि त्यासाठी कुठल्या कंपनीने मालेगावला येण्याची वाट पाहायला नको.