हाकेला ओ

लखनौच्या चौक भागात कबुतरबाज अजूनही गच्चीवरून हाक घालतो आणि आकाशातला थवा वळून खाली येतो. यात जादू नाही, पाखरं उपाशीपोटी उडवलेली असतात. परतलं की दाणे, हे त्यांना पक्कं ठाऊक. कुत्र्याच्या पिल्लाचंही तेच. हाक एकदाच मारायची आणि आलं की लगेच उकडलेल्या चिकनचा तुकडा. आपण मात्र बोलावतो ते आंघोळीला, नाहीतर चप्पल कुरतडल्याबद्दल दटावायला. मग ते सोफ्याखालून कशाला निघेल? वर्गातही हेच चालतं. मेंटीमीटर या ऑनलाइन उत्तरं गोळा करणाऱ्या साधनावर प्रश्न टाकला की मागच्या बाकावरचाही मोबाइलवर उत्तर देतो, कारण तिथं नाव दिसत नाही. पण पडद्यावरच्या चुकीच्या उत्तराला सरांनी टोमणा मारला, की पुढच्या प्रश्नाला निम्मा वर्ग गप्प. तेव्हा शाळांनो, महागडं सॉफ्टवेअर घ्या हवं तर, पण आधी शिक्षकांना चुकीच्या उत्तरावर न हसण्याचं प्रशिक्षण द्या. ते फुकटात होतं.