भिंतीवरची आगगाडी

दिवाळी पंधरा दिवसांवर आली होती. दोन वर्षे लांबणीवर पडलेले रंगाचे काम या खेपेस कसेबसे उरकले होते. घर दोन खोल्यांचे. त्यामुळे सामान एका खोलीतून दुसऱ्या खोलीत हलवत चार दिवस काढावे लागले. मजुरी वाचावी म्हणून वडिलांनी कामावरून आल्यावर, रात्री जागून, स्वतःच भिंतींचे जुने पोपडे पॉलिश पेपरने घासून काढले. मग फिकट पिवळ्या डिस्टेंपरचे दोन हात दिले गेले. घर उजळले. तिसऱ्या दिवशी सकाळी आई नळावर पाणी भरत असताना चार वर्षांच्या मुलीने निळा मेणखडू घेतला आणि दारापासून खिडकीपर्यंत एक आगगाडी काढली. सात डबे, त्यांना मोजता न येणारी चाके आणि प्रत्येक डब्यातून डोकावणारी तोंडे. आईने आत येऊन पाहिले, कळशी खाली ठेवली आणि मुलीच्या पाठीत एक धपाटा घातला.

लहान मुले असलेल्या कोणत्याही घराला हा प्रसंग अनोळखी वाटणार नाही. खडूऐवजी कोळसा असेल, हळदीचा हात असेल किंवा चिखलाचे पाऊल असेल. पण नवी भिंत आणि लहान हात यांची गाठ पडल्यावाचून राहत नाही. अशा वेळी चूक कोणाची, असा प्रश्न सहसा विचारला जात नाही, कारण उत्तर सर्वांनी गृहीत धरलेले असते. तरीही तो प्रश्न विचारण्याजोगा आहे. घर सजवायचे ते कोणासाठी, हा विचार त्याच्या पोटात दडलेला आहे.

प्रथम आईची बाजू समजून घ्यायला हवी. तिच्या रागामागे दोन वर्षांची काटकसर आहे, चार दिवसांचे कष्ट आहेत. भाड्याचे घर असेल तर घरमालकाच्या बोलण्याचीही भीती असते. तुटपुंज्या मिळकतीत राहणाऱ्या कुटुंबाला रंगवलेली भिंत ही चैन वाटत नाही. चार माणसांत मान ताठ ठेवून जगता यावे, या इच्छेची ती खूण असते. घर नीटनेटके असावे, दाराशी आलेल्याला प्रसन्न वाटावे, ही इच्छा केवळ श्रीमंतांची नसते. म्हणून मुलांच्या घरात सजावटीचा विचारच करू नये, असे म्हणणे सोपे असले तरी न्याय्य नाही.

घर सजवण्याची हौस आपल्याकडे जुनीच आहे. दसरा-दिवाळीच्या आधी भिंतींना चुना लागे, जमीन शेणाने सारवली जाई, उंबरठ्याबाहेर रांगोळी पडे. महाराष्ट्रात जी रांगोळी, तीच थोड्या वेगळ्या रूपात बंगालमध्ये अल्पना, तमिळनाडूत कोलम, राजस्थानात मांडणा आणि कुमाऊँमध्ये ऐपण होते. महाराष्ट्राच्या उत्तर किनाऱ्यालगत, आजच्या पालघर जिल्ह्यात, वारली कुटुंबांतील स्त्रिया लग्नप्रसंगी कुडाच्या भिंती सारवून, त्यांवर गेरूचा हात फिरवून, तांदळाच्या पिठाने लग्नचौक रेखाटत. या सजावटींत एक गोष्ट समान होती. त्या कायम टिकाव्यात, अशी कोणाचीच अपेक्षा नव्हती. रांगोळी दुपारपर्यंत विसकटे. सारवण काही दिवसांत उडे. चुन्यावरचे डाग पुढच्या वर्षीच्या चुन्याखाली जात. त्यामुळे मुलाच्या हातून एखादी रेघ ओढली गेली, तरी घर कायमचे बिघडले, असे कोणाला वाटत नसे.

शिवाय त्या कामांत मुलांना वाटा असे. आकाशकंदिलाच्या कागदी झिरमिळ्या कातरणे, अंगणात मातीचा किल्ला रचून त्यावर अळीव पेरणे, रांगोळीच्या ठिपक्यांत रंग भरणे ही कामे मुलांचीच असत. किल्ला ओबडधोबड झाला तरी पाहुण्यांना तो अगत्याने दाखवला जाई. जुने ते सगळे चांगलेच होते, असा याचा अर्थ नाही. सारवणासाठी वाकणारी पाठ घरातल्या बाईचीच असे आणि तिच्या कष्टांची कोणी गणना करत नसे. पुसता येणारा रंग आणि फरशीची जमीन यांनी तिचा भार हलका केला, हे मान्य केलेच पाहिजे.

मात्र टिकाऊ वस्तूंबरोबर घरात एक नवी भीतीही आली. वस्तू जितकी महाग आणि टिकाऊ, तितकी ती बिघडण्याची धास्ती मोठी. बैठकीच्या खोलीत काचेचे शोकेस आले. जत्रेतून आणलेली बाहुली मुलीच्या हातात न जाता, वेष्टनासकट त्या काचेआड उभी राहिली. खुर्चीच्या गादीवरचे प्लॅस्टिक वर्षानुवर्षे निघाले नाही. वर्षातून चारदा येणाऱ्या पाहुण्यासाठी घर सजले आणि दिवसाचे चोवीस तास त्यात राहणारे मूल मात्र ‘हात लावू नकोस’, ‘तिकडे जाऊ नकोस’ या दोन वाक्यांच्या मध्ये वावरू लागले. आपल्याच घरात पाहुण्यासारखे वागावे लागणे, ही लहान वयात शिकलेली गोष्ट सहसा विसरली जात नाही.

नव्या भिंती आणि लहान मुले यांचा हा झगडा जगाच्या दुसऱ्या टोकालाही झाला होता. विसाव्या शतकाच्या आरंभी इटलीतील रोम शहरात सान लोरेंझो नावाच्या गरीब कामकऱ्यांच्या वस्तीतील इमारती एका संस्थेने दुरुस्त करून घेतल्या. आईबाप दिवसभर कामावर जात आणि शाळेचे वय न झालेली मुले इमारतींत एकटीच राहत. त्यांनी नव्याने सफेदी दिलेल्या भिंती आणि जिने खराब करायला सुरुवात केली. भिंती पुन्हा पुन्हा दुरुस्त करत बसण्यापेक्षा मुलांनाच एका खोलीत कोणाच्या तरी देखरेखीखाली ठेवावे, असा व्यवहारी विचार संस्थेच्या चालकांनी केला. ते काम डॉ. मारिया माँटेसरी यांच्याकडे सोपवण्यात आले. ६ जानेवारी १९०७ रोजी उघडलेल्या त्या जागेचे नाव होते ‘कासा देई बांबिनी’, म्हणजे मुलांचे घर.

माँटेसरींनी त्या खोलीत मुलांना नुसते बसवून ठेवले नाही. पुढे त्यांनी मुलांना स्वतः उचलता येतील अशा हलक्या, लहान खुर्च्या-मेजे करवून घेतली. मुलांचा हात पोहोचेल अशी बुटकी कपाटे ठेवली. झाडणे, पुसणे, वस्तू जागेवर लावणे ही कामे मुलांच्या हाती दिली. भिंती खराब करणारी म्हणून जी मुले ओळखली जात होती, ती आपली खोली स्वतः नीट ठेवू लागली. मुलांना शिस्त हवी असते, पण ती त्यांच्या उंचीवर ठेवलेली असावी लागते, हे त्या खोलीने जगाला दाखवले.

हा विचार भारतातही रुजला. गिजुभाई बधेका यांनी १९२० साली गुजरातमधील भावनगर येथे बालमंदिर सुरू केले. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे खेड्यातील मुलांसाठी काम उभारले. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. पुढे हे काम जवळच्याच कोसबाडच्या टेकडीवर गेले. वारली चित्रांच्या भिंती ज्या परिसरात आहेत, तोच हा परिसर. तेथे महागडी साधने आणणे शक्य नव्हते. म्हणून खडे, शिंपले, बिया, पाने आणि काड्या हीच शिक्षणाची साधने झाली. मुलांसाठी जागा करायला पैसा लागतोच असे नाही, हे या दोघींच्या कामातून स्पष्ट झाले.

भिंतीवरच्या रेघेकडे या दृष्टीने पाहिले तर तिचा अर्थ बदलतो. साधारण दीड वर्षाच्या सुमारास मूल पहिल्यांदा रेघोट्या ओढू लागते. त्या वेळी त्याला चित्र काढायचे नसते. हात हलवला की मागे खूण उरते, याचेच त्याला नवल वाटते. तिसऱ्या वर्षाच्या आसपास रेघ फिरून स्वतःलाच येऊन मिळते आणि गोल तयार होतो. काही दिवसांनी त्या गोलाला डोळे येतात, पाय फुटतात आणि त्याची आई होते. हाताची बोटे आणि डोळे यांचा मेळ याच काळात बसत असतो. उद्या ‘ग’चा दांडा आणि ‘म’ची गाठ काढायची आहे, ती याच हाताने. मोठेपणी प्रथमच लेखणी धरणाऱ्याला एक सरळ रेघ ओढणे किती कठीण जाते, हे ज्याने अनुभवले असेल, त्याला मुलाच्या रेघोट्यांचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही.

मग मुलांना सगळ्या भिंती मोकळ्या सोडाव्यात काय? तसे मुळीच नाही. घर सर्वांचे असते आणि सर्वांच्या घरात प्रत्येकाला काही मर्यादा पाळाव्या लागतात. मात्र ‘येथे नको’ असे सांगणाऱ्याने ‘मग कोठे’ याचेही उत्तर द्यायला हवे. खोलीतला एखादा कोपरा, मुलाच्या उंचीइतका भिंतीचा एक तुकडा, त्यावर काळा रंग देऊन केलेला फळा एवढेही पुरते. भाड्याच्या घरात तेही शक्य नसेल तर सरलेल्या वर्षाच्या कॅलेंडरची कोरी बाजू खिळ्याला टांगता येते. शोकेसच्या सर्वांत खालच्या फळीची काच काढून टाकली तर मुलांच्या खेळण्यांसाठी एक कपाट तयार होते. खेळ संपल्यावर वस्तू जागेवर ठेवायची, एवढा एकच नियम त्या कपाटाला असावा आणि तो मोठ्यांनीही पाळावा.

सजावटीत मुलांना वाटा द्यायचा म्हणजे सगळीच कामे त्यांच्या हाती द्यायची, असेही नाही. चुना दाहक असतो. तो डोळ्यांत उडाल्यास गंभीर इजा होते. म्हणून चुना भिजवताना आणि लावताना मुलांना दूर ठेवावे. जुना रंग घासण्याचे काम तर अधिक जोखमीचे आहे. पूर्वीच्या अनेक रंगांत शिसे असे. केंद्र सरकारने २०१६ साली नियम करून घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित केले आणि २०१७ च्या नोव्हेंबरपासून ते नियम लागू झाले. पण त्याआधी रंगवलेल्या भिंती, दारे आणि खिडक्या आजही घरोघरी आहेत. त्यांची कोरडी भुकटी जमिनीवर पडते, रांगत्या मुलाच्या हाताला लागते आणि हातावरून तोंडात जाते. शिसे वाढत्या मेंदूला हानी पोहोचवते आणि झालेली हानी भरून काढणे कठीण असते. म्हणून जुना रंग कोरडा घासू नये. तो ओला करून काढावा, त्या वेळी मुले घरात नसावीत आणि नंतर जमीन ओल्या फडक्याने पुसून घ्यावी. नव्या रंगाचा डबा घेताना त्यावर शिशाविषयी काय छापले आहे, ते वाचावे. उंच कपाट भिंतीला पक्के ठोकून घ्यावे, कारण मूल त्याच्या खणांची शिडी करते.

येथे आरंभीच्या प्रसंगाकडे पुन्हा पाहता येईल. त्या घरात मुलीच्या हातातील मेणखडूची सर्वांना चिंता वाटली. वडिलांनी रात्री कोरड्याच घासलेल्या पोपड्यांची भुकटी मात्र ती जवळच झोपलेली असताना दोन्ही खोल्यांत पसरली होती आणि तिच्याविषयी कोणी अवाक्षर काढले नाही. भिंत बिघडेल ही भीती मोठी ठरली. मूल बिघडेल ही भीती मनात आलीच नाही. हे अज्ञान आहे, दुष्टपणा नव्हे. म्हणूनच ते दूर करता येते.

दुपारी आईने ओले फडके घेतले आणि आगगाडी पुसायला सुरुवात केली. मुलगीही शेजारी बसून चाके पुसू लागली. डिस्टेंपरवरचा मेणखडू पूर्ण निघाला नाही. पिवळ्या भिंतीवर निळसर झाक राहिली. पुसता पुसता आईने विचारले, “या डब्यात कोण बसले आहे?” मुलीने बोट ठेवून सांगितले, “ही आजी. ती दिवाळीला येणार आहे ना.” आईचा हात क्षणभर थांबला. संध्याकाळी मागच्या वर्षीचे कॅलेंडर उलटे करून, मुलीचा हात पोहोचेल अशा उंचीवर टांगण्यात आले.

घर सजवताना भिंतीचा रंग, पडद्याचे कापड आणि फुलदाणीची जागा यांचा विचार जरूर करावा. त्याच वेळी गुडघ्यांवर बसून, तीन फुटांच्या उंचीवरून ते घर एकदा पाहावे. तेथून ते कसे दिसते, हात कोठे पोहोचतो, कोणती वस्तू आपली वाटते, हे कळले की पुढचे बरेचसे निर्णय सोपे होतात. त्या दिवाळीत आजी आली तेव्हा भिंतीवरचा निळसर डाग तसाच होता. मुलीने तिचा हात धरून तिला आधी तेथेच नेले.