‘सरासरी पर्सेंटाइल’ला भुलू नका!

एमएच-सीईटीचा निकाल लागला की क्लासचे फ्लेक्स झळकतात: ‘आमची सरासरी ९२ पर्सेंटाइल’. ही सरासरीच मुळात फसवी आहे.

९२ पर्सेंटाइल म्हणजे ९२ टक्के गुण नव्हेत. शंभरातले ९२ जण तुमच्याइतके किंवा तुमच्यापेक्षा कमी गुण मिळवून आहेत, एवढंच तो आकडा सांगतो. म्हणजे रांगेतली जागा. रांगेच्या मधल्या गर्दीत दोन-चार गुणांनी जागा बरीच बदलते. टोकाला ९८ वरून ९९ वर जायला मात्र कितीतरी जास्त गुण लागतात. पायऱ्याच सारख्या नसतील तर बेरीज कशाची करणार?

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एस. एस. स्टीव्हन्स यांनी १९४६ मध्ये मोजमापाच्या चार पातळ्या सांगितल्या. पिनकोड नॉमिनल, म्हणजे निव्वळ ओळख. त्याची सरासरी काढून कुणी पत्ता शोधत नाही. रांग ऑर्डिनल. सेल्सिअस इंटरव्हल: अंतरं सारखी, पण शून्य आपण ठरवलेलं, म्हणून ४० अंश हे २० च्या ‘दुप्पट गरम’ नसतं. वजन किंवा फी रेशो, तिथे दुप्पट म्हणजे खरंच दुप्पट.

त्यामुळे फी भरण्याआधी क्लासला विचारा: किती मुलं परीक्षेला बसली आणि त्यातल्या कितींना ९० च्या वर पर्सेंटाइल मिळालं?