देवराईतल्या बिननावी बुरशी

पावसाळी अंकासाठी धबधब्यांची छायाचित्रं ढिगाने आली. मुखपृष्ठावर मात्र आम्ही कुजक्या ओंडक्यावरची बुरशी घेतली आहे, आणि ती जाणीवपूर्वक. घोरावाडीहून लोणावळ्याकडे निघालेल्या लोकलमधल्या किती जणांना ठाऊक असतं, की वाटेवरच्या मावळातल्या देवरायांमध्ये बिननावाची बुरशी उगवत असेल? जगात नाव मिळालेल्या बुरशीच्या जाती दीड लाखाच्या आसपास. एकूण जातींचा २०१७ सालचा अंदाज मात्र २२ ते ३८ लाखांचा आहे.

नवी जात सिद्ध करणं चिकाटीचं काम. अळंबीची टोपी कागदावर ठेवून वर वाटी झाकायची. सकाळी बीजाणूंची नक्षी उमटते. तिचा रंग टिपायचा, बीजाणू मायक्रॉनमध्ये मोजायचे, डीएनए ताडून पाहायचा, जुने शोधनिबंध पालथे घालायचे. मूळ नमुना वाळवून संग्रहात जपायचा. नावाची नोंदणी २०१३ पासून सक्तीची आहे.

पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत बुरशीचा राष्ट्रीय जिवंत संग्रह आहे, बुरशीशास्त्रज्ञ अजरेकरांच्या नावाचं वाळवलेल्या नमुन्यांचं संग्रहालयही आहे. एवढं हाताशी असताना वर्गीकरणाला जुनाट विषय समजणं आम्हाला मुळीच पटत नाही. देवराई तोडून बंगला उभा राहिला, की तिथली जात कुणाच्या नजरेस पडण्याआधीच जाते.

मावळातल्या महाविद्यालयांनी एकेक देवराई वाटून घ्यावी, दर पावसाळ्यात नोंदी ठेवाव्यात. नमुन्यासोबत तारीख, जागा आणि बुरशी ज्यावर उगवली त्या झाडाचं नाव लिहावं. ओळख पटल्याखेरीज अळंबी खाण्याच्या फंदात मात्र कुणी पडू नये.