खिशातला नंबर आणि भिंतीवरचा नंबर

दिवाळीपूर्वी घरातली एक तरी जुनी गोष्ट काढून टाकायची, असा आमच्या घरचा शिरस्ता आहे. एका वर्षी छताचा पंखा गेला, एका वर्षी पत्र्याची कोठी गेली. गेल्या वर्षी माझी आरामखुर्ची जाता जाता वाचली. यंदा मंडळींची नजर 'नेट'वर पडली. कारण विचारण्याची सोयच नव्हती. चिरंजीवांची परीक्षा संगणकावर असली की नेट हटकून जाई, आणि मालिकेतल्या सासूने तोंड उघडले की पडद्यावर एक वाटोळे चक्र फिरू लागे. सासू बिचारी तशीच आ वासून बसून राही. बिल मात्र एकाही महिन्याला अडकून पडले नाही.

कंपनी बदलणे आणि दूधवाला बदलणे यांत मला पूर्वी फारसा फरक वाटत नसे. दूधवाला बदलला, की चार दिवस त्याची सायकल दिसताच दुसऱ्या गल्लीत वळायचे. पाचव्या दिवशी तोही विसरतो, आपणही विसरतो. पण दूधवाल्याकडे आपल्या वडिलांचे नाव लिहिलेले नसते, हे माझ्या ध्यानात आले नव्हते.

सुरुवात माझ्या मोबाईलपासून केली, कारण ते काम सोपे असे सर्वांनी सांगितले. आणि खोटे कशाला बोलू, ते सोपे होते. नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय आपल्या देशात प्रथम हरियाणात २५ नोव्हेंबर २०१० ला आली आणि २० जानेवारी २०११ पासून ती देशभर झाली. ३ जुलै २०१५ पासून तर राज्य ओलांडले तरी नंबर सोडावा लागत नाही. आमची पुतणी धुळ्याहून सुरतेला सासरी गेली; आडनाव बदलले, घर बदलले, नंबर तोच राहिला. करायचे इतकेच, की 'पोर्ट' हा शब्द आणि त्यापुढे आपला नंबर असा संदेश १९०० वर धाडायचा. उलट टपाली आठ अक्षरा-आकड्यांचे एक कूट येते. ते चार दिवस टिकते. तेवढ्या अवधीत ते नव्या कंपनीच्या दुकानी नेऊन दिले, की पुढे तीन कामाच्या दिवसांत संसार नव्या घरी. अट एवढीच, की जुन्या घरी निदान नव्वद दिवस नांदलेले असावे आणि मागची बाकी नसावी. १ जुलै २०२४ पासून आणखी एक पाचर मारली आहे: सिमकार्ड नुकतेच बदलून घेतले असेल, तर सात दिवस थांबा. भामटे आपल्या नावाचे सिम काढून नंबर पळवतात, त्यांच्यासाठी ही तजवीज. तिच्याबद्दल माझी तक्रार नाही.

गोलाणी मार्केटातल्या एका पोराने हे सगळे दहा मिनिटांत उरकले. गंमत पुढे झाली. तासाभरात जुन्या कंपनीतून एका मुलीचा फोन आला. आवाज असा, की जणू मी घर सोडून हिमालयात निघालो आहे. "सर, आमचं काही चुकलं का?" गेल्या अकरा वर्षांत मी सतरा तक्रारी केल्या, तेव्हा हा गोड गळा कुठे होता कोण जाणे. तिने मला निम्म्या दरात राहायचा आग्रह केला. मी म्हटले, "बाई, हे काल सांगितलं असतंत तर?" ती म्हणाली, "सर, काल तुम्ही जात नव्हता."

या विजयाने मी फुशारलो आणि घरच्या जोडणीकडे वळलो. इथे थोडी पार्श्वभूमी सांगितली पाहिजे. आमच्या घरी भिंतीवर एक फोन होता. २००६ साली नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तो घेतला. नेट मागाहून त्याच तारेतून आले. नाना २०१९ मध्ये गेले. त्याआधीच माय धुळ्याला देवपुरात धाकट्या भावाकडे राहायला गेली होती. रोज दिवेलागणीला ती फोन करते. तिच्याकडे मोठ्या बटणांचा मोबाईल आहे, त्यात नातवंडांनी आम्हा सर्वांची नावे भरून ठेवली आहेत. पण नावांवर तिचा भरवसा नाही. आधी ०२५७, मग आमचे सात आकडे, असे ती बोटाने मोजून दाबते. एकदा तिने मला विचारले होते, "जळगावले सात आकडा, आनि आमना धुळाले सहाच का रे भाऊ?" म्हटले, "धुळ्याचा कोड ०२५६२, म्हणजे एक आकडा जास्त. पुढचा शून्य सोडला, की दोन्हीकडची बेरीज दहाच." तेव्हा कुठे धुळ्यावर अन्याय झालेला नाही याची तिची खात्री पटली.

नव्या कंपनीच्या गृहस्थांना मी सहज विचारले, "हाच नंबर तुमच्याकडे येईल ना?" ते हसले. मोबाईलचा येतो, घरच्याचा येत नाही. मला वाटले, हा आळशी आहे. दुसऱ्या दुकानात गेलो, तिथेही तेच. मग चिरंजीवांना कामाला लावले, तेव्हा समजले की नियमच तसा आहे. मोबाईलसाठी देशाचे दोन विभाग करून, कुठला नंबर सध्या कुणाकडे नांदतो याची वही राखायला स्वतंत्र संस्था नेमल्या. घरच्या फोनासाठी तशी वही कुणी घातलीच नाही. अमेरिकेत १९९६ च्या कायद्याने ही सोय घरच्या नंबरांना दिली. आपल्याकडे तो नंबर ज्या कंपनीचा, त्याच कंपनीचा. म्हणजे जो खिशात घालून सुरतेपर्यंत न्यायचा, तो कुठेही जातो. आणि जो वर्षानुवर्षे एकाच खिळ्याला टांगलेला आहे, तो मात्र कंपनी बदलली की मेला. याला काय म्हणावे?

बरे, मरायचे तर मरू दे म्हणून कंपनीच्या कार्यालयात अर्ज घेऊन गेलो. खिडकीतल्या तरुणाने नाव वाचले. म्हणाला, "खातेदारांना यावं लागेल."

"ते येऊ शकत नाहीत."

"मग काही हरकत नाही, त्यांच्या मोबाईलवर ओटीपी पाठवतो. तो सांगा."

मी काही बोलायच्या आत त्याने पाठवलासुद्धा. नानांचा मोबाईल आम्ही त्यांच्यामागे बंद केला होता. असे बंद पडलेले नंबर काही काळाने कंपन्या दुसऱ्याला देतात, हे तोवर माझ्या गावी नव्हते. त्या नंबरवर फोन लावला, तर रावेरकडचे कुणी केळीवाले गृहस्थ बोलले. मी आपली सगळी कथा सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाले, "दादा, वाईट वाटलं. पण ओटीपी कुणालाच सांगायचा नाही, असं टीव्हीवर रोज सांगतात." माणूस अगदी बरोबर होता. खिडकीतला तरुण मात्र माझ्याकडेच संशयाने पाहू लागला.

तक्रार केली. तक्रारीचा नंबर मिळाला. तो न चुकता लिहून ठेवावा, कारण त्यावाचून पुढे कुणी बोलत नाही. कंपनीने दाद दिली नाही, तर २०१२ च्या नियमांप्रमाणे तिच्याच अपील अधिकाऱ्याकडे जाता येते, आणि त्याने एकोणचाळीस दिवसांत निकाल द्यायचा असतो. चाळीस का नाही, हे मला सुटलेले कोडे नाही. 'ट्राय' नावाची मोठी संस्था दिल्लीला १९९७ पासून आहे, पण ती नियम करते, एकेकट्याचे गाऱ्हाणे ऐकत नाही. अखेर मृत्यूचा दाखला, आणि सर्व वारसांची सही असलेले संमतीपत्र, यावर तडजोड झाली.

मधल्या काळात मी एक मूर्खपणा केला, तो वाचकांनी करू नये. नवी तार चालू होण्याआधीच 'जुने नेट बंद करा' असे सांगून बसलो. फोन बंद करायला तीन कागद लागत होते. नेट बंद करायला एकही लागला नाही, ते तासाभरात गेले. नवे लावायला तीन पोरे शिडी घेऊन आली, नुकत्याच रंगवलेल्या भिंतीला मधोमध भोक पाडले, आणि "पुढच्या कोपऱ्यावर डबा भरलाय, साहेबांना विचारून येतो" म्हणून जी गेली, ती बाराव्या दिवशी उगवली. ते बारा दिवस आमच्या घरात काय बोलले गेले, ते दिवाळी अंकात छापण्याजोगे नाही.

संमतीपत्र घेऊन मी एरंडोल-पारोळ्यावरून एस. टी.ने धुळ्याला गेलो. भावाने वाचल्याशिवाय सही केली. त्याची ती सवयच आहे. मायने चष्मा लावला.

"कशानी सही शे ही?"

"नानांचा फोन बंद करायचाय, माय. नेट चालत नाही."

तिने पेन हातात धरले होते, ते तसेच राहिले. "मंग मी फोन कुठे लावू?"

"नवा नंबर देतो ना. किंवा माझ्या मोबाईलवर कर."

"मोबाईल तुना शे. तो नंबर घरना शे."

यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. तीन कंपन्यांचे दर, नेटचा वेग, सगळे मला पाठ होते. त्यातले काही कामाचे नव्हते. मी म्हटले, राहू दे, दोन्ही ठेवू, दोन बिले भरू. ती म्हणाली, "पैसा झाडले लागतस का?" आणि सावकाश, एकेक अक्षर काढत, सही केली. सही झाल्यावर विचारले, "तो नंबर आते दुसराले देथीन का?" म्हटले, "देतात काही दिवसांनी." "देऊ देत," ती म्हणाली. "चांगला नंबर शे."

नेट आता झकास चालते. मालिकेतली सासू अडखळत नाही. जुन्या कंपनीचा डबा मी पावती घेऊन परत केला (पावती घ्याच, नाहीतर वर्षाने डब्याची किंमत मागतात). अनामत रकमेचा चेकही आला. तो नानांच्या नावाने आला. बँकेत घेऊन गेलो, तर खिडकीवरच्या बाईंनी तो उलटसुलट पाहिला आणि म्हणाल्या, "यांनाच पाठवून द्या ना, दोन मिनिटांचं काम आहे." तो चेक सध्या देवघराच्या खणात आहे.

आणि मायचे म्हणाल, तर पुतण्याने नवा नंबर ठळक अक्षरांत लिहून तिच्या पलंगाशी चिकटवला आहे. तरी पहिले आठ-दहा दिवस तिच्या हातून शेवटचे दोन आकडे उलटे लागत. ते पिंप्राळ्यातल्या कुणा बाईंकडे लागत. मी म्हटले, "माय, त्या बाई वैतागल्या असतील."

"कसाले? भली बाई शे ती. तिनी सूनले सातवा महिना चालू शे."

आता आम्हाला फोन झाला, की ती तिकडे एक फोन करते. मुद्दाम, आकडे उलटे लावून. परवा हुकूम आला आहे, की फराळाचा एक डबा पिंप्राळ्याला पोचवायचा. चकल्या जास्त, सुनेला आवडतात. पत्ता तेवढा मायने अजून विचारलेला नाही.